स्वतंत्र पर्यावरण संशोधन संस्था नेमकं काय करते आणि खानदेशात तिचं काय काम?

चोपडा तालुक्यातल्या एका मुलीने विचारलं आहे. जळगावच्या विद्यापीठातून तिने पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. केलं आहे आणि एका छोट्या संशोधन संस्थेतली नोकरी घ्यावी की नाही या विचारात ती आहे. तिचं म्हणणं असं: प्रदूषण नियंत्रण मंडळ आहे, भूजल खातं आहे, विद्यापीठं आहेत, कंपन्यांचे सल्लागार आहेत, आंदोलनं करणाऱ्या संघटना आहेत. मग ही आणखी एका प्रकारची संस्था कशाला? तिला पैसे कोण देतं? ज्याचे पैसे घेतले त्याच्याच विरोधात निष्कर्ष निघाला तर काय करतात? आणि पुण्या-मुंबईचं ठीक आहे, खानदेशात असं काम चालतं का?

तापीच्या खोऱ्यात मी याच कामात बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून जरा विस्ताराने सांगतो. पैशांचा प्रश्न सगळ्यात मोलाचा आहे, पण तो कळायला आधी काम कळलं पाहिजे.

काम म्हणजे मुख्यतः मोजणं. रावेर-यावलकडे मे महिन्यात केळीच्या बागेत पाण्याचा नमुना घ्यायला आम्ही जातो तेव्हा शेतकऱ्याला वाटतं की बाटली भरली की झालं. तसं नसतं. बोअर सुरू केल्याबरोबर येणारं पाणी पाइपात रात्रभर साचलेलं असतं, ते घेऊन उपयोग नाही. पंप चालू ठेवायचा, दर दोन-तीन मिनिटांनी पाण्याची विद्युतवाहकता (त्यात क्षार किती विरघळलेत याचा अंदाज) मोजायची आणि लागोपाठ तीन आकडे जवळपास सारखे आले की मगच बाटली धरायची. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळायची. धातू तपासायचे असतील तर वेगळी बाटली आणि तिच्यात नायट्रिक आम्लाचे थेंब, नाहीतर धातू बाटलीच्या भिंतीला चिकटून बसतात आणि प्रयोगशाळेत आकडा कमी येतो. नायट्रेटच्या बाटलीत मात्र ते आम्ल चुकूनही पडता कामा नये. ती थेट बर्फाच्या पेटीत जाते आणि दोन दिवसांच्या आत तपासावी लागते. लेबल बाटली भरायच्या आधी लिहायचं, ओल्या बाटलीवर शाई टिकत नाही. एक बाटली ऊर्ध्वपातित पाण्याची सोबत न्यायची, तिथेच उघडायची, बंद करायची आणि इतरांबरोबर परत आणायची. तिच्यात काही सापडलं तर दोष आपल्या हाताळणीत आहे. एका बोअरचा नमुना दोनदा घेऊन त्याला दोन वेगळे क्रमांक द्यायचे, प्रयोगशाळेला सांगायचं नाही. दोन्हींचं उत्तर जुळलं तरच त्या दिवसाच्या बाकी आकड्यांवर भरवसा ठेवायचा.

आणि मग वही. बोअर किती फूट, कोणत्या साली मारली, ठिबकातून युरिया शेवटचा कधी सोडला, गोठा किती अंतरावर, उकिरडा कुठे, संडासाचा शोषखड्डा विहिरीच्या वरच्या अंगाला आहे की खालच्या. नायट्रेट खतातूनही येतं, शेणातूनही आणि शोषखड्ड्यातूनही. पिण्याच्या पाण्यात त्याची भारतीय मानकाप्रमाणे मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. त्याच्यावर गेलं तर तान्ह्या बाळाला धोका असतो, रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद कमी होते. आकडा ८० आला आणि आपण लगेच ‘केळीवाले जास्त युरिया टाकतात’ असं लिहून मोकळे झालो तर ते संशोधन झालं नाही. शेजारच्या वस्तीचा शोषखड्डा कारण असेल तर केळीवाल्याने युरिया निम्मा करूनही त्या घरातल्या बाळाचं पाणी सुधारणार नाही.

या पट्ट्यात हे विशेष जपून करावं लागतं. सातपुड्याच्या पायथ्याशी डोंगरातून वाहून आलेल्या दगडगोट्यांचा आणि वाळूचा जाड थर आहे. भूगर्भशास्त्रात त्याला बझाडा म्हणतात. पाऊस त्यात झपाट्याने मुरतो, म्हणून तर पूर्वी इथल्या विहिरी भरलेल्या असायच्या. पण पाणी ज्या वाटेने उतरतं त्याच वाटेने खतही उतरतं. उपसा वाढत गेला, पातळी खोल गेली, रावेर आणि यावल हे तालुके सरकारच्या भूजल मूल्यांकनात अतिशोषित किंवा त्याच्या जवळच्या वर्गात येत राहिले. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आम्हाला सगळ्यांना अभिमान आहे. त्या केळीखालचं पाणी किती खोल गेलं आणि कसं झालं, याची नोंदही तितक्याच आस्थेने कोणीतरी ठेवायला हवी.

आता तुम्ही म्हणाल, हे सरकार मोजतंच की. मोजतं, आणि भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या नोंदी आमच्या कामाचा पाया आहेत. त्यांच्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा घेतली जाते आणि ती मालिका कित्येक दशकांची आहे. एवढ्या लांब मालिकेचं मोल कोणत्याही खासगी संस्थेच्या नोंदींना नाही. सरकारी खात्यांना नावं ठेवणाऱ्या संशोधकांशी माझं कधी जमलं नाही. पण त्या विहिरी पाणलोट आणि तालुका डोळ्यापुढे ठेवून निवडलेल्या आहेत. गावाचा प्रश्न वेगळा असतो.

धुळे-नंदुरबारकडचं उदाहरण देतो. तिथल्या काळ्या बेसाल्ट खडकात उभ्या भेगांतून वर आलेल्या आणि तिथेच थिजलेल्या लाव्हाच्या भिंती आहेत. त्यांना डाइक म्हणतात. बहुतेक पूर्व-पश्चिम पसरलेल्या, काही कित्येक किलोमीटर लांब. साक्री किंवा नंदुरबारच्या माळावर उभं राहिलं तर एका रेषेत चाललेल्या टेकड्यांच्या ओळी दिसतात, त्या याच. जमिनीखाली ही भिंत बऱ्याच ठिकाणी पाणी अडवते. त्यामुळे एकाच शिवारात भिंतीच्या वरच्या अंगाच्या विहिरीला एप्रिलपर्यंत पाणी टिकतं आणि खालच्या अंगाची विहीर डिसेंबरातच तळ दाखवते. शेतकरी दैवाला बोल लावतो. सरकारी निरीक्षण विहीर यातल्या एकाच बाजूला असते किंवा दोन्हीकडे नसते. अशा गावात शिवारातल्या सगळ्या विहिरींची पातळी दर पंधरवड्याला घ्यावी लागते. टेप, वही आणि गावातलाच एखादा दहावी-बारावी झालेला पोरगा, एवढी सामग्री पुरते. दोन पावसाळे नोंद ठेवली की भिंत कुठे अडवते आणि कुठे फुटलेली आहे ते नकाशावर उमटायला लागतं, आणि बंधारा कुठे घातला तर पाणी कोणाच्या विहिरीला लागेल हे सांगता येतं. बंधारा भिंतीच्या चुकीच्या बाजूला पडला तर पैसे खर्च होतात, उद्घाटन होतं आणि ज्या वस्तीसाठी तो बांधला ती कोरडीच राहते.

साक्रीकडच्या एका म्हाताऱ्या बाबांनी आमची सगळी यंत्रं शांतपणे बघितली आणि म्हणाले, “मनी हिरनं पानी पोरेसले पेवाले चाली का नई, तेवढं सांग भाऊ.” म्हणजे, माझ्या विहिरीचं पाणी पोरांना प्यायला चालेल की नाही. संस्थेच्या सगळ्या अहवालांनी शेवटी या प्रश्नाला तोंड द्यायचं असतं. म्हणून आमच्याकडे एक नियम आहे: निकाल आधी ज्याची विहीर त्याला, त्याच्या भाषेत, तोंडी आणि कागदावर. मग ग्रामपंचायतीला. मग ज्याने पैसे दिले त्याला आणि बाकी जगाला.

नोंदीबद्दल मी इतका आग्रही का, ते सांगायला खानदेशातलीच एक गोष्ट पुरेशी आहे. रानपिंगळा हा छोटा घुबडवर्गीय पक्षी. एकोणिसाव्या शतकात त्याचे मोजके नमुने गोळा झाले, शेवटचा १८८४ साली पश्चिम खानदेशात, जेम्स डेव्हिडसन या ब्रिटिश अधिकाऱ्याने. पुढे रिचर्ड माइनर्ट्झहागन या बड्या पक्षीसंग्राहकाने आपल्याला १९१४ मध्ये गुजरातेत तापीकाठच्या मांडवीला हा पक्षी मिळाल्याचा दावा केला. लेबल होतं, तारीख होती, त्यामुळे तो पुरावा मानला गेला. जाणकारांनी शोध घेतले, पक्षी काही सापडला नाही, आणि तो नामशेष झाला असावा असं बोललं जाऊ लागलं. १९९० च्या दशकात पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयांतले नमुने पुन्हा तपासले. मांडवीचा नमुना डेव्हिडसनच्याच पक्ष्यांपैकी होता. संग्रहालयातून चोरून, पुन्हा भरून, खोटं लेबल लावलेला. ती नोंद बाजूला काढली आणि उरलेल्या खऱ्या नोंदींच्या मागावर त्या आणि त्यांचे सहकारी निघाले. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ त्यांना रानपिंगळा जिवंत दिसला, ११३ वर्षांनी. आपल्या सातपुड्याच्या पायथ्याशी तो होताच. एका खोट्या लेबलाने विज्ञानाची इतकी दशकं खाल्ली. तुम्ही कामाला लागाल तेव्हा बाटलीवरचं लेबल लिहायचा कंटाळा आला की ही गोष्ट आठवा.

कारण शोधण्याचंही असंच आहे. औष्णिक वीज केंद्रांच्या राखेच्या तळ्यांजवळच्या गावांत लोक सांगतात की उन्हाळ्यात वारा सुटला की अंगणात, पिकावर, ताटात राख बसते. त्यांचं म्हणणं खरं असतं की नाही, हे आपण आदराने आणि कसून तपासायचं. हवेतली धूळ यंत्राने गाळणीकागदावर ओढून घेतली आणि वजन केलं तर एकूण धूळ किती ते कळतं. दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांची २४ तासांची राष्ट्रीय मर्यादा घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम आहे. पण ती धूळ कच्च्या रस्त्याची, वीटभट्टीची की राखेची, हे वजनावरून कळत नाही. त्यासाठी गाळणीचा तुकडा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. भट्टीत वितळून गार झालेल्या राखेचे कण काचेच्या मण्यांसारखे गुळगुळीत गोल असतात, मातीचे कण कोनाकोनांचे, ओबडधोबड. गोल मणी भरपूर दिसले तर राख आहे असं म्हणायला आधार मिळतो. नाही दिसले तर तेही गावकऱ्यांना तोंडावर सांगायचं. हे दुसरं जास्त अवघड जातं, कारण ज्यांच्या घरी आपण चहा प्यालेलो असतो त्यांना ते ऐकायचं नसतं. आंदोलन करणारी संघटना आणि संशोधन संस्था यांच्यातली सीमारेषा मला तिथे दिसते. संघटनेने बाजू घ्यावी, ते तिचं काम आहे आणि मी त्याचा मान राखतो. संस्थेने लोकांचा प्रश्न उचलावा, पण उत्तर आधी ठरवून जाऊ नये.

आता पैसे.

अशा संस्थांचा जन्मच या प्रश्नातून झालेला आहे. जर्मनीत व्हील नावाच्या गावी १९७० च्या दशकात अणुवीज प्रकल्प येणार होता. द्राक्षबागायतदार आणि आसपासचे लोक त्याविरोधात उभे राहिले, प्रकरण कोर्टात गेलं. तिथे लोकांच्या लक्षात आलं की तज्ज्ञ सगळे सरकारकडे किंवा कंपनीकडे आहेत, आपल्या शंकांची शास्त्रीय छाननी करणारं कोणी नाही. त्यातून १९७७ मध्ये फ्रायबुर्गला ओको-इन्स्टिट्यूट उभी राहिली, सभासदांची नोंदणीकृत संस्था म्हणून. आपल्याकडे दिल्लीचं विज्ञान आणि पर्यावरण केंद्र १९८० चं. पाण्याच्या क्षेत्रात पुण्याची सोपेकॉम १९९१ ची आणि ॲक्वाडॅम १९९८ ची.

पैसे देणारा नसेल अशी संस्था नसते. देणगीदार, फाउंडेशनं, सरकारी प्रकल्प, कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी, थोडं प्रशिक्षणाचं उत्पन्न, असं गोळा करून गाडा चालतो. परदेशी निधीवर २०२० च्या कायदादुरुस्तीनंतर बरीच बंधनं आली; प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली आणि एका संस्थेने दुसरीला तो निधी देणं बंद झालं. छोट्या संस्थांना याचा मोठा फटका बसला. तेव्हा ‘पैसा कोणाचा’ एवढंच विचारून भागत नाही. तो कोणत्या अटींवर घेतला ते विचारावं लागतं.

याचं सर्वांत मोठं उदाहरण आपल्याच जिल्ह्यांनी पाहिलं आहे. नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाला जागतिक बँकेचं कर्ज होतं. महाराष्ट्रातल्या बुडणाऱ्या गावांत पहिलं मणिबेली, तेव्हाच्या धुळे आणि आजच्या नंदुरबार जिल्ह्यातलं. विरोध इतका वाढला की बँकेने १९९१ मध्ये ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समीक्षा नेमली. समितीचा खर्च बँकेचाच. पण जून १९९२ मध्ये आलेल्या अहवालाने पुनर्वसन आणि पर्यावरण दोन्हींतल्या गंभीर त्रुटी मांडल्या आणि बँकेने मागे हटावं असं सुचवलं. मार्च १९९३ मध्ये भारताने उरलेलं कर्ज घेणार नसल्याचं कळवलं. प्रकल्पाबद्दल तुमचं मत काहीही असो, ज्याने पैसे दिले त्यालाच अप्रिय असा अहवाल उघडपणे छापला गेला, हे लक्षात ठेवा.

याउलट आपल्याकडच्या पर्यावरणीय आघात मूल्यांकनाची, म्हणजे प्रकल्पाने पर्यावरणाचं काय होईल याच्या परवानगीआधीच्या अभ्यासाची, रचना बघा. २००६ च्या अधिसूचनेनुसार प्रकल्पाचा अहवाल तयार करणारा सल्लागार प्रकल्प आणणाराच नेमतो आणि त्याचं बिलही तोच भरतो. त्यात चांगले, मेहनती लोक आहेत, मी त्यांच्याबरोबर काम केलं आहे. पण परवानगी अडेल असा अहवाल देणाऱ्याला पुढचं काम कोण देणार? शिवाय बरेचदा आधारभूत माहिती एकाच ऋतूची, पावसाळा सोडून घेतलेली. पांझरा, बुराई, अनेर यांसारख्या नद्यांची हिवाळ्यातली स्थिती बघून पावसाळ्याचं काय कळणार? अशा अहवालाची स्वतंत्र छाननी करून जनसुनावणीआधी गावकऱ्यांना तो समजावून सांगणं हेही आमचं एक काम आहे. सुनावणीआधी ३० दिवसांची सूचना असते आणि अहवालाचा सारांश मराठीत मिळतो. तो सारांश वाचूनच गावं मत बनवतात, म्हणून मूळ अहवाल कोणीतरी पान न् पान वाचायला हवा.

आम्ही करार करताना काही गोष्टींवर अडून बसतो. निकाल प्रसिद्ध करण्याचा हक्क संस्थेचा. मसुद्यावर निधी देणाऱ्याने शेरे द्यावेत, चुका दाखवाव्यात, पण नकाराधिकार नाही. कच्चे आकडे मागणाऱ्याला मिळतील. अहवालाच्या पहिल्याच पानावर पैसे कोणाचे ते छापलं जाईल. आणि ज्या उद्योगाची तपासणी चालू आहे त्याचा निधी त्या काळात घ्यायचा नाही. या अटींमुळे कामं हातची जातात. पगार उशिरा होतात. तरी मी सांगेन की हे सोडलं तर संस्थेचं नाव बदलून सल्लागार कंपनी ठेवावं.

संस्थेची खरी परीक्षा मात्र समोरचा चिडतो तेव्हा होते. विज्ञान आणि पर्यावरण केंद्राने ऑगस्ट २००३ मध्ये शीतपेयांच्या १२ ब्रँडमध्ये कीटकनाशकांचे अंश सापडल्याचं जाहीर केलं, तेव्हा कंपन्यांनी प्रयोगशाळेच्या पद्धतीवरच हल्ला चढवला. शरद पवार यांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त संसदीय समिती बसली. फेब्रुवारी २००४ च्या अहवालात समितीने अंश असल्याचा निष्कर्ष बरोबर ठरवला. ते शक्य झालं कारण नमुने कुठून घेतले, कोणत्या यंत्रावर कसे तपासले, हे सगळं मांडून दाखवता आलं. तेव्हा तुम्ही रोज भरता ती कंटाळवाणी वही उद्या कोणासमोर उघडली जाईल ते सांगता येत नाही.

एक मर्यादा मात्र पहिल्या दिवसापासून डोक्यात ठेवा. आमचा अहवाल म्हणजे आपोआप कायदेशीर पुरावा नव्हे. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्यात नमुना प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्याने घ्यायचा, समोरच्याला नोटीस द्यायची, नमुन्याचे भाग करून सीलबंद करायचे, दोघांच्या सह्या, अशी पद्धत सांगितली आहे. ती पाळली नाही तर तो नमुना कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. म्हणून आमचा आकडा बहुधा मंडळाला ‘या जागी, या महिन्यात येऊन नमुना घ्या’ असं सांगायला कामी येतो. पुण्यातलं राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं खंडपीठ अशा आकड्यांची दखल घेऊन संयुक्त समिती नेमू शकतं. पण तिथे मुदती असतात, साधारण वादाला सहा महिन्यांची. गावकरी बऱ्याचदा वर्ष उलटल्यावर येतात आणि तेव्हा फार वाईट वाटतं.

खानदेशात काम आहे का, या प्रश्नाचं उत्तर वर आलंच. शिवाय धडगाव-अक्कलकुव्याकडे सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांना आपल्या जंगलाची मोजदाद करून व्यवस्थापन आराखडा हवा आहे. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने स्वतःचं जंगल राखून दाखवलं, तिथल्या चैत्राम पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. अशा गावांना संशोधकाने शिकवायला जाऊ नये, शिकायला जावं. केळीच्या घडांवर घालायच्या प्लास्टिक पिशव्यांचं पुढे काय होतं, हा तर कोणी धड हातच न लावलेला विषय आहे.

नोकरी घ्यायची की नाही? पगार सरकारी नोकरीच्या जवळपासही नसेल, घरी ते स्पष्ट सांगा. मुलाखतीला जाल तेव्हा निधी देणाऱ्याला न आवडलेला एखादा अहवाल दाखवा म्हणावं, आणि कुठल्याही एका आकड्यामागची क्षेत्रवही मागावी. दोन्ही दाखवता आलं तर संस्था चांगली समजायला हरकत नाही. क्यूजीआयएस हे नकाशे करायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, ते आताच शिकून घ्या. सांख्यिकी पक्की करा. अहिराणी येत असेलच, नंदुरबारकडे जायचं असेल तर भिली-पावरी कानावर पडू द्या. दुभाष्यामार्फत विचारलेल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर वाटेतच सांडतं.

आणि रुजू व्हायची वाट न बघता आपल्याच गावातल्या पंधरा-वीस विहिरी निवडून पातळी घ्यायला लागा. प्रत्येक विहिरीच्या कठड्यावर रंगाने एक खूण करा आणि दर वेळी तिथूनच मोजा. पंप बंद करून निदान काही तासांनी मोजा, सकाळी लवकर जाणं बरं. पाऊस पडायच्या आत पहिली फेरी झाली पाहिजे. पावसाआधीची पातळी एकदा हुकली की ती पुढच्या मे महिन्यापर्यंत मिळत नाही.